सांपडत नाहीं म्हणजे नाहींच काय ?

महाविद्यालयांत जाणारीं मुलें ज्या घरांत आहेत, त्या घरीं दिवाळीची सुटी संपली कीं एक विशिष्ट प्रकारची चिंता मुक्कामास येते. पदव्युत्तर परीक्षेसाठीं संशोधन-प्रकल्प लिहावयाचा असतो. 'या विषयावर आजवर कोणीं काय लिहिलें आहे तें आधीं पाहून या' असें मार्गदर्शकांनीं बजावलेलें असतें. आणि मग चिरंजीव किंवा कन्यका रात्रीं सर्वांचीं जेवणें आटोपल्यावर माजघरांत संगणक उघडून बसतात. घटका दोन घटकांनीं आजोबा विचारतात, 'काय, सांपडलें का कांहीं ?' उत्तर बहुधा ठरलेलें असतें : 'खानदेशावर कांहीं नाहींच, आजोबा. विषयच बदलावा म्हणतों.'

हें शेवटलें वाक्य आम्हांस फार जड वाटतें. विषय बदलल्यानें परीक्षेचें कांहीं अडत नाहीं. जळगांवच्या केळीवर, धुळ्याच्या जुन्या कागदपत्रांवर किंवा अहिराणी बोलीवर लिहूं इच्छिणारा विद्यार्थी ज्यावर शेंकडों लोकांनीं आधींच लिहून ठेविलें आहे असा एखादा दूरचा विषय घेतो. प्रकल्प पुरा होतो व पदवीहि पदरांत पडते. मात्र आपल्या भूमीविषयीं जें एक पान जगाच्या ज्ञानांत पडावयाचें, तें पडत नाहीं. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी शोधूं लागला म्हणजे त्यालाहि तें पान सांपडत नाहीं, आणि तोहि विषय बदलतो. असें हें चक्र चालतें. म्हणून 'सांपडत नाहीं' या दोन शब्दांची एकदां नीट उलटतपासणी करावी असें आम्हीं योजिलें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, पुष्कळ वेळां वस्तु जागच्या जागीं असते. आपण तिला भलत्याच नांवानें हांक मारीत असतों, किंवा भलत्याच घराचें दार ठोठावीत असतों.

भांडार आणि त्याची किल्ली

ज्यास हल्लीं 'डेटाबेस' म्हणतात तें लेखांचें भांडार म्हणजे कांहीं अगदीं नवी कल्पना नव्हे. शंकर गणेश दाते यांनीं १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची 'मराठी ग्रंथसूचि' सिद्ध करून तिचा पहिला भाग १९४३ सालीं प्रसिद्ध केला, हें आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस ठाऊक असेल. हजारों पुस्तकें पाहून प्रत्येकाचें नांव, कर्ता, साल व विषय टिपून ठेवणें हें तें काम. डेटाबेस नेमकें हेंच करतो. फरक इतकाच कीं, तो पुस्तकांबरोबर नियतकालिकांतील एकेका लेखाची नोंद ठेवितो. लेखाचें शीर्षक, लेखकाचें नांव, नियतकालिक, साल, लेखाचा पांचदहा ओळींचा गोषवारा व त्यास लावलेले विषय-शब्द अशी ही नोंद असते. कित्येक ठिकाणीं नोंदीबरोबर सबंध लेखहि वाचावयास मिळतो.

नेहमींच्या शोधयंत्रावर दोन शब्द टाकले तर बातम्या, जाहिराती, सहलीचीं वर्णनें व शास्त्रीय लेख हें सर्व एकाच पाटींत येऊन पडतें. डेटाबेसमध्यें बहुतांशीं विद्वानांचेंच लिखाण असतें, आणि पुष्कळ नियतकालिकांत तें छापण्यापूर्वीं त्या विषयाच्या दुसऱ्या जाणत्यांनीं तपासलेलें असतें. पण तेथील यंत्र बहुतेक अक्षरें जुळवून पाहतें. आपल्या मनांतला अर्थ त्यास कळतोच असें नाहीं. जें नांव आपण लिहितों तेंच नांव नोंदींत असेल तर वस्तु हातीं येते, नसेल तर यंत्र 'शून्य' असें निर्विकारपणें सांगून मोकळें होतें.

हीं भांडारें पैसे भरल्याशिवाय उघडत नाहींत, अशी एक समजूत आहे. प्रकाशकाच्या दारीं सरळ गेल्यास एका लेखास तीस-चाळीस डॉलर मागतात हें खरें. परंतु आपल्या विद्यार्थ्यानें त्या दारीं जाण्याचें सहसा कारण नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगानें १९९१ सालीं सुरू केलेली व आज गांधीनगर येथें असलेली 'इन्फ्लिबनेट' ही संस्था देशांतील विद्यापीठांस व महाविद्यालयांस हे लेख पुरविण्याचें काम करते. महाविद्यालयांकरितां तिची 'एन-लिस्ट' ही योजना २०१० सालीं निघाली. तिच्या सभासद महाविद्यालयांतील विद्यार्थ्यास स्वतःचें प्रवेश-नांव व परवलीचा शब्द मिळतो, आणि घरबसल्या हजारों नियतकालिकें वाचतां येतात. त्यानंतर २५ नोव्हेंबर १९२४ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २५ नोव्हेंबर २०२४ रोजीं, केंद्रीय मंत्रिमंडळानें 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठीं सहा हजार कोटि रुपये तिला दिले असून, तीस परदेशी प्रकाशकांचीं सुमारें १३,००० नियतकालिकें केंद्र व राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्थांस तींतून खुलीं व्हावयाचीं आहेत.

खाजगी संस्थांनीं चालविलेलीं आपलीं महाविद्यालयें यांपैकीं कोणत्या योजनेंत आहेत, घरून वाचतां येतें कीं ग्रंथालयांतच बसावें लागतें, हें प्रत्येकानें आपल्या ग्रंथपालास विचारावें. हा प्रश्न विचारण्यास मुलें लाजतात, आणि जें प्रवेश-नांव आपल्या हक्काचें तें न घेतांच तीन वर्षें निघून जातात. ग्रंथपाल म्हणजे पुस्तक परत न केल्यास दंड करणारा गृहस्थ, एवढीच त्याची ओळख राहते. खरें पाहतां किल्ली त्याच्याच कमरेस असते.

नांवांची भूल

आतां मुख्य मुद्याकडे वळूं. खानदेशावर कांहीं नाहीं असें म्हणणाऱ्यानें प्रथम हें पाहावें कीं, तो कोणत्या खानदेशास हांक मारीत आहे.

आजचे जळगांव, धुळें व नंदुरबार हे तीन जिल्हे पूर्वीं एकच होते. १८८० सालीं निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड या सबंध खानदेशाचा आहे. १९०६ सालीं त्याचे पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले; पहिल्याचें ठाणें जळगांव, दुसऱ्याचें धुळें. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० च्या सुमारास पूर्व-पश्चिम हीं नांवें जाऊन जळगांव व धुळें हीं आलीं, आणि १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यांतून नंदुरबार वेगळा निघाला. तेव्हां १९३० सालच्या शहाद्याच्या शेतीवर शोध घेणाऱ्यानें 'नंदुरबार जिल्हा' असें लिहिल्यास यंत्रानें शून्य दाखविलें तर दोष कोणाचा ? त्या काळचा लेखक बिचारा 'पश्चिम खानदेश' असेंच लिहिणार.

स्पेलिंगाचा घोळ याहून मोठा. कंपनी सरकारच्या काळचे इंग्रज अधिकारी खानदेश हें नांव पुष्कळदां 'सी' अक्षरानें आरंभ करून, कँडीश असें वाचावें अशा थाटानें लिहीत. धुळ्याचें 'धुलिया' व 'धूलिया' अशीं रूपें तर कित्येक दशकें सरकारी कागदांत नांदत होतीं. मराठींत शोध घेतला तरी सुटका नाहीं. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यामुळें जुन्या मासिकांतील 'जळगांव' व आजचें 'जळगाव' हीं आपल्या दृष्टीनें एकच असलीं, तरी यंत्राच्या दृष्टीनें दोन निरनिराळीं गांवें ठरूं शकतात.

वनस्पतिशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थिनीचें उदाहरण घेऊं. जळगांवच्या केळीला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तिची कीर्ति देशभर आहे. या केळीवर एक रोग पडतो. पानांवर पिवळट पट्टे उमटतात, वाढ खुंटते, पोंगा सडतो. आपला शेतकरी त्यास 'हरण्या' म्हणतो. 'हरण्या' हा शब्द लिहून जगांतील भांडारें धुंडाळलीं तर हातीं फारसें कांहीं लागणार नाहीं. कारण शास्त्रज्ञ ज्या विषाणूमुळें हा रोग होतो त्यास 'कुकंबर मोझॅइक व्हायरस', म्हणजे काकडीचा मोझॅइक विषाणु, असें म्हणतात ! १९१६ सालीं अमेरिकेंत तो काकडीवर प्रथम वर्णिला गेला, म्हणून नांव काकडीचें. मावा कीड त्याचा प्रसार करते व तो केळीसह कित्येक वनस्पतींस ग्रासतो. केळीवरील जुन्या लिखाणांत याच रोगास 'इन्फेक्शस क्लोरोसिस' असेंहि नांव आहे. हीं दोन नांवें कळलीं कीं, जेथें शून्य होतें तेथें लेखांची रांग लागते. बागाईतदार हरण्या जाणतो, शास्त्रज्ञ काकडीचा विषाणु जाणतो. दोघांची गांठ घालून देणें हें संशोधनाचें अर्धें काम होय.

भाषेच्या अभ्यासकाचीहि हीच कथा. 'अहिराणी' असें लिहून शोधणारा जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषा-पाहणीपर्यंत पोंचेलच असें नाहीं. कारण १९०७ सालीं निघालेल्या तिच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागांत या बोलीचा विचार 'खानदेशी' या नांवाखालीं, आणि तोहि भिल्ल बोलींच्या सोबतीनें केलेला आहे. ज्यांच्या नांवानें आज आपलें विद्यापीठ ओळखलें जातें त्या बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) यांच्याविषयीं शोध घेतांना अडचण उलट प्रकारची येते. तेथें शून्य येत नाहीं, गर्दी होते. पण त्या गर्दींत तुकोबांच्या शिष्या, सतराव्या शतकांतील संत बहिणाबाई यांच्यावरील इंग्रजी लेख येऊन मिसळतात. एक आसोद्याच्या लेकीचा शोध घेतो, आणि यंत्र त्याला तिच्या दोनअडीचशें वर्षें आधींच्या संतकवयित्रीकडे पोंचवितें. आडनांव जोडल्याशिवाय हा गुंता सुटत नाहीं, आणि आडनांवाचीं इंग्रजी स्पेलिंगेंहि दोनतीन तरी करून पाहावीं लागतात.

घर चुकतें तें असें

नांव बरोबर असूनहि कधीं कधीं वस्तु मिळत नाहीं, कारण आपण दार चुकलेलें असतों. पीएच्. डी. चे प्रबंध पाहावयाचे झाल्यास 'शोधगंगा' हें इन्फ्लिबनेटचें भांडार सर्वांस मोफत खुलें आहे. त्यास परवलीचा शब्दहि लागत नाहीं. देशांतील विद्यापीठांचे कित्येक लाख प्रबंध तेथें सबंध वाचतां येतात, मराठी प्रबंधहि आहेत. मराठी शीर्षक नागरी व रोमन अशा दोन्ही लिपींत शोधून पाहावें. जळगांवचें विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजीं स्थापन झालें, व २०१८ सालीं त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव जोडलें गेलें. त्यापूर्वीं खानदेशचीं महाविद्यालयें पुणें विद्यापीठाकडे होतीं, आणि तें विद्यापीठ १९४९ सालीं निघण्यापूर्वीं मुंबई विद्यापीठाकडे. म्हणजे खानदेशावर खानदेशच्याच माणसानें १९७५ सालीं लिहिलेला प्रबंध जळगांवच्या नांवाखालीं शोधल्यास कसा मिळणार ? त्याचें घर पुण्यास आहे.

याहून गंमतीचें उदाहरण अमळनेरचें. प्रतापशेटजींनीं १९१६ सालीं तेथें तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केलें. साने गुरुजींचा त्या गांवाशीं असलेला संबंध सर्वांस ठाऊक आहे. परंतु १९२५ पासून त्या संस्थेचें 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हें इंग्रजी त्रैमासिक निघत असे, घनश्यामदास मलकानी यांनीं तें दीर्घकाळ चालविलें, व कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे तत्त्वज्ञ १९३३ च्या सुमारास या संस्थेचे प्रमुख होते, हें आजच्या मुलांस क्वचितच ठाऊक असतें. आतां एखाद्या विद्यार्थ्यानें हें नांव मोठ्या भांडारांत टाकलें, तर त्याला बहुधा त्याच नांवाचें स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूज येथून १९५० सालीं निघूं लागलेलें त्रैमासिक दिसेल. तो तें चाळील, अमळनेरचा त्यांत मागमूस नाहीं असें पाहील, आणि निराश होऊन उठेल. वास्तविक अमळनेरचें त्रैमासिक स्कॉटलंडच्या त्रैमासिकापेक्षां पंचवीस वर्षांनीं वडील ! अशा वेळीं नियतकालिकाच्या नांवाबरोबर गांवाचें नांव, साल व लेखकाचें नांव जोडून शोधावें. १९७३ पासून पुणें विद्यापीठाकडून निघूं लागलेलें 'इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' हें आणखी तिसरें. त्याशींहि गल्लत करूं नये.

शोधण्याची रीति

येथवर वाचून 'मग करावें तरी कसें ?' असें कोणी विचारील. रीति सोपी आहे, पण ती वहींत लिहूनच करावी.

प्रथम आपला प्रश्न एका पूर्ण वाक्यांत लिहावा. त्या वाक्यांतील दोन किंवा तीन मुख्य कल्पना वेगळ्या काढाव्यात. 'जळगांवच्या केळीवरील हरण्या रोगाचा प्रसार' या विषयांत केळ, रोग व स्थळ अशा तीन कल्पना आहेत. वहींत तीन रकाने पाडून प्रत्येकाखालीं त्या कल्पनेचीं सर्व नांवें लिहावीं : घरगुती, शास्त्रीय, जुनीं, नवीं, निरनिराळ्या स्पेलिंगांचीं. स्थळाच्या रकान्यांत जळगांव, पूर्व खानदेश, खानदेश व शेवटीं महाराष्ट्र हींहि असावींत.

नंतर हे रकाने जोडावे. जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञानें १८५४ सालीं विचाराच्या नियमांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांतील तत्त्वावर हीं भांडारें चालतात. 'अँड', 'ऑर' व 'नॉट' हे त्यांचे तीन सांधे. एकाच रकान्यांतील नांवें 'ऑर' नें जोडावीं, म्हणजे यांपैकीं कोणतेंहि असलें तरी चालेल. आणि त्या सर्वांस कंस घालावा. निरनिराळे रकाने 'अँड' नें जोडावे, म्हणजे सर्व एकत्र असावयास हवेत. दोन-तीन शब्दांचें नांव अवतरण-चिन्हांत घालावें, नाहींतर यंत्र काकडी एकीकडची व विषाणु दुसरीकडचा आणून देतें. 'नॉट' हा मात्र दुधारी आहे. संत बहिणाबाई नकोत म्हणून 'संत' शब्द वगळला, तर दोघींची तुलना करणारा उत्तम लेखहि त्याबरोबर वगळला जातो.

लेख फार आले तर सालाची मर्यादा घालावी, किंवा शोध केवळ शीर्षक व गोषवारा यांपुरता ठेवावा. फार थोडे आले तर स्थळाचा रकाना काढून पाहावा. जळगांवच्या केळीवर नसेल, तर तामिळनाडूच्या केळीवर असेल, आणि तोहि आपल्या उपयोगाचा असतो. एक चांगला लेख हातीं लागला कीं त्याची वंशावळ पाहावी. त्याच्या शेवटीं दिलेल्या संदर्भांच्या यादींत त्याचे पूर्वज असतात. आणि ज्या नंतरच्या लेखांनीं त्याचा उल्लेख केला ते त्याचे वंशज, हेहि बहुतेक भांडारें दाखवितात. शिवाय त्या लेखास कोणते विषय-शब्द लावले आहेत तें पाहून आपल्या रकान्यांत भर घालावी. एका लेखापासून वीस लेख असे मिळतात. कोणत्या दिवशीं, कोणत्या भांडारांत, कोणते शब्द टाकले व काय आलें हेंहि वहींत टिपावें; नाहींतर महिन्यानें तोच शोध पुन्हां पहिल्यापासून करण्याची पाळी येते.

लेखाची नोंद मिळाली पण लेख उघडत नाहीं, असें झाल्यास खिशांत हात घालण्यापूर्वीं तीन गोष्टी कराव्या. ग्रंथपालास सांगावें, स्वीडनमधील लुंड विद्यापीठांत २००३ सालीं सुरू झालेल्या खुल्या नियतकालिकांच्या सूचींत, म्हणजे 'डीओएजे' मध्यें, पाहावें, आणि लेखकासच एक नम्र पत्र पाठवावें. आपला लेख कोणी मागितला म्हणजे बहुतेक विद्वानांस आनंदच होतो.

सांपडलें म्हणजे खरेंच काय ?

जसें 'सांपडलें नाहीं' म्हणजे 'नाहीं' असें नव्हे, तसेंच 'सांपडलें' म्हणजे 'खरें' असेंहि नव्हे. पैसे घेऊन कांहींहि छापणारीं नियतकालिकें आज पुष्कळ झालीं आहेत. नांव भारदस्त, संपादक-मंडळ लांबलचक, आणि लेख आठ दिवसांत छापून मिळेल असें आश्वासन ! विद्यापीठ अनुदान आयोगानें चांगल्या नियतकालिकांची 'केअर' नांवाची यादी केली होती. ती बंद केल्याचें २०२५ च्या फेब्रुवारींत जाहीर झालें, व पारख करण्याची जबाबदारी आतां विद्यापीठांवर व पर्यायानें स्वतः विद्यार्थ्यावर आली आहे. मुलगा 'लेख छापण्यासाठीं पैसे हवेत' म्हणाला, तर घरच्या कर्त्या पुरुषानें रागावूंहि नये व लगेच देऊंहि नयेत. त्या नियतकालिकाचे दोन जुने अंक स्वतः वाचून पाहावे, आणि मार्गदर्शकांस विचारावें.

दुसरी सावधगिरी प्रश्न विचारतांच उत्तर रचून देणाऱ्या नव्या यंत्रांविषयींची. तीं विषय समजावून देतात, पर्यायी शब्द सुचवितात, व तेवढ्यापुरतीं उपयोगी आहेत. परंतु संदर्भ मागितले असतां, कधींहि न लिहिल्या गेलेल्या लेखांचीं नांवें, खऱ्या वाटणाऱ्या लेखकांसह व सालांसह, तीं बेधडक सांगतात. असा प्रत्येक संदर्भ भांडारांत जाऊन डोळ्यांनीं पाहिल्यावांचून प्रबंधांत घालूं नये. न वाचलेला लेख वाचला म्हणून लिहिणें ही विद्येशीं केलेली अप्रामाणिकता आहे, मग तें नांव मित्रानें सांगितलेलें असो वा यंत्रानें.

जें कोणत्याच भांडारांत नाहीं

इतकें सर्व केल्यावरहि कांहीं गोष्टी मिळणार नाहींत. त्या वेळीं संगणक मिटावा आणि धुळ्याची गाडी धरावी.

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून, घरोघरचीं दप्तरें धुंडाळून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचे बावीस खंड सिद्ध केले. त्यांतील पहिला १८९८ सालीं निघाला. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं त्यांचें धुळ्यासच निधन झालें, आणि त्यांच्या स्मरणार्थ १९२७ सालीं तेथें राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालें. मंडळाच्या संग्रहांत त्यांनीं जमविलेलीं कागदपत्रें आहेत, व 'संशोधक' हें मंडळाचें त्रैमासिक आहे. त्याच गांवीं शंकर श्रीकृष्ण देव यांनीं ठिकठिकाणच्या रामदासी मठांतून मिळविलेलीं हस्तलिखितें श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरांत जतन केलीं आहेत. जळगांवचें व. वा. जिल्हा वाचनालय हेंहि एकोणिसाव्या शतकापासूनचें. अशा ठिकाणचा प्रत्येक कागद परदेशच्या डेटाबेसमध्यें नोंदला गेलेला असेल, ही अपेक्षाच चुकीची. ज्या दप्तराची नोंद झाली नाहीं तें यंत्राला नसल्यासारखेंच. आपणांस मात्र तें तसें मानून चालणार नाहीं.

उलट, येथेंच आपल्या विद्यार्थ्यास खरी संधि आहे. लंडनच्या किंवा शिकागोच्या अभ्यासकास जगांतील तेरा हजार नियतकालिकें मिळतीलहि. पण धुळ्याचें दप्तर वाचण्यासाठीं लागणारी मोडी, हरण्या म्हणजे कोणता रोग याची जाण, आणि कोणत्या गांवास पूर्वीं काय म्हणत याची आठवण त्यास कोठून मिळणार? ती आपल्या घरांत आहे. पूर्व खानदेश म्हणून ज्यांच्या जन्माच्या दाखल्यावर लिहिलें आहे ते वृद्ध कित्येक घरीं आज हयात आहेत. शेतीचीं, वनस्पतींचीं, नात्यांचीं व विधींचीं अहिराणी नांवें आजी-मावशींच्या तोंडीं आहेत. वहींतील तो नांवांचा रकाना भरावयास मुलानें त्यांच्यापाशीं बसावें, आणि त्यांनींहि 'आम्हांला तुमच्या यंत्रांतलें काय कळतें' असें म्हणून उठून जाऊं नये. यंत्रांतलें त्यांस कळण्याची गरजच नाहीं. यंत्राला जें ठाऊक नाहीं तें त्यांस ठाऊक आहे.

म्हणून आमची आमच्या वाचक-कुटुंबांस एवढीच विनंति आहे. मूल विषय बदलूं म्हणालें तर आधीं त्याला तीन प्रश्न विचारावे. किती नांवांनीं शोधलेंस ? कोणकोणत्या भांडारांत शोधलेंस ? आणि ग्रंथपालांस विचारलेंस काय ? या तिन्हींचीं उत्तरें वहींत लिहिलेलीं असूनहि खरोखरच कांहीं मिळालें नसेल, तर विषय बदलण्याचें कारण उरत नाहीं. कारण ज्यावर अद्याप कोणीं लिहिलें नाहीं असा विषय त्याला मिळालेला आहे, आणि तें लिहिण्याची पाळी आतां त्याची आहे.